उलटी वाचलेली बाई

मी तिला आयुष्यभर उलटंच वाचलं.
शिशाचं अक्षर माणसाला तोंड दाखवत नाही,
कागदालाच दाखवतं;
आणि अराबा बेंटसिलचा मजकूर
अख्ख्या सेकोंडीत आधी माझ्या बोटांना कळायचा.

गिचमिड अक्षर. कागदाला खारट वास,
कारण ती बंदरावरच लिहायची, पालथ्या टोपलीवर.
पहिल्या पानावर मंत्र्यांची भाषणं.
तिचा रकाना आत, चौथ्यावर:
आज तारलीचा भाव काय
आणि कुणाच्या काट्यात किती खोट.
काटेवाले चौथं पान आधी उघडत.

रेल्वेच्या संपात, बाराव्या दिवशी,
तिनं एका आईचं एक वाक्य आणलं.
व्यवस्थापक म्हणाले, काढ.
मी काढलं. रात्री, चिमट्यानं, डाव्या हातानं;
डावरा आहे मी.
सकाळी रकान्यात दोन बोटं पांढरी जागा.
ती त्या जागेकडे बघत राहिली.
माझ्याकडे नाही.

अकरा वर्षांनी तिची कादंबरी आली छापायला.
दोनशे सहाव्या पानावर तीच आई, तेच वाक्य,
आणि खाली दिव्याशी वाकलेला
एक खिळेजुळारी. डावरा.
नाव दिलं नव्हतं त्याला.
त्याच्या बायकोला सातवा महिना होता,
एवढं मात्र लिहिलं होतं.
होताच.

खिळ्याला खिळा लावत मी ते पान जुळवलं.
ती मागे उभी. ‘चूक आहे का काही?’
‘एक आहे,’ मी म्हणालो.
‘राहू दे,’ म्हणाली, आणि छत्री उचलून गेली.

अराबा म्हणजे मंगळवारी जन्मलेली.
मंगळवारी आमच्याकडे कुणी होडी लोटत नाही,
तो दिवस समुद्राचा.
गेलीही मंगळवारीच. होड्या सगळ्या वाळूवर,
जाळी सांधणारे हात तेवढे थांबले.
पेटी बंद करताना सुतारानं खिळे मागितले
तर माझाच हात पुढे गेला.
‘सरक, म्हाताऱ्या,’ तो म्हणाला.

पुतळा नाही तिचा. चौकाला नाव द्यायचं होतं, राहिलं.
कादंबरी शाळेत लावलीय, पोरं जांभया देतात.
पण परवा बाजारात एक मुलगी,
विशीचीसुद्धा नसेल,
काट्यावर अंगठा टेकवणाऱ्याला म्हणाली,
‘अराबाला सांगू?’

कोण अराबा, तिला ठाऊक नसावं.
त्यालाही नसावं.
अंगठा उचलला त्यानं.