उसनवारी

ओनोरीन दूसेनं कधीच कुणाला
नुसतं काही दिलं नाही.
खारवलेल्या कॉडची टोपली काखेत घेऊन यायची,
उंबऱ्याबाहेर बूट आपटून बर्फ झाडायची
आणि म्हणायची, "चिमूटभर मीठ दे गं उसनं,
माझं संपलंय."

संपलेलं नसायचं.
मिठाची पोती तिच्या मागच्या खोलीत छताला टेकलेली असत,
सगळ्या पेती-आंसला ठाऊक होतं.

दर शनिवारी कबुलीच्या जाळीपुढे गुडघे टेकून
ती हे पाप सांगायची.
कानानं अधू, म्हणून मोठ्यानं.
रांगेतले आम्ही सगळे ऐकायचो:
"फादर, मीठ असताना नाही म्हणाले."
तीन नमो मरिये, प्रायश्चित्त.
सोमवारी पुन्हा टोपली, पुन्हा मीठ.

बाबांची होडी परतली नाही त्या साली
घसरगाडीवरून अर्धं पोतं पीठ ओढत आली ती,
आणि आईकडे मागितली एक सुई.
नऊ दिवस भिंतीकडे तोंड करून निजलेली आई
उठली. डबा उघडला.
दोन-तीन सुया खिडकीशी धरून पाहिल्या,
त्यातली बरी दिली आणि म्हणाली,
"परत आणून दे हं. तू विसरतेस."
नऊ दिवसांनी आई कुणाला तरी दटावत होती.

मला मात्र राग यायचा तिचा.
माझ्या पायांतले बूट तिच्या थोरल्याचे होते,
आणि तो बाबांच्याच होडीवर होता,
हे मला शाळेतल्या पोरांनी सांगितलं.
बुटांच्या बदल्यात तिनं मागितलं होतं
की रविवारी मिस्सा झाल्यावर
तिच्या बहिणीची पत्रं वाचून दाखव.
मी भराभर वाचायचो, ओळी गाळायचो.
ती तरी म्हणायची, "किती छान लिहिते, नाही?"

फेब्रुवारीत गेली. जमीन दगडासारखी,
म्हणून शवपेटी एप्रिलपर्यंत
चर्चमागच्या कोठीत थांबली,
तीही जणू उसन्या जागेत.
वसंतात घर उघडलं.
खण भरून सुया, बटणं, चमचे,
पातेलं नसलेलं एक झाकण,
पेन्सिलीचा तुकडा,
वाटीत दगड झालेलं कुणाचं तरी मीठ.
तिला अक्षर येत नव्हतं;
प्रत्येक वस्तूला एक धागा,
त्या घराच्या होडीच्या रंगाचा.
निळा पोआरियेंचा, लाल-पांढरा ओकोंचा.
आमची होडी पिवळी होती. होती.
सुईच्या नेढ्यात पिवळा धागा,
टोक झिजलेलं. तिनं ती वापरली होती.

कुणी आपली वस्तू उचलेना.
मग म्हातारी देलीमा पोआरिये पुढे झाली,
माझ्या आईची सुई उचलून म्हणाली,
"ही मी नेते, उसनी."
आई हसली, आणि झाकण घेऊन घरी आली.
आमच्या कुठल्याच भांड्याला ते बसत नाही.

आता कॉड नाही. होड्या परसात पालथ्या.
पोरं आल्बर्टात तेल उपसतात.
शेवंडांच्या कारखान्यात माणसं येतात दूरदेशची;
मागल्या हिवाळ्यात फिलिपिन्सहून मारिसेल आली, पातळ जाकिटात.
माझी बायको गोधडी घेऊन गेली तिच्याकडे
आणि दारात अडखळली. काय मागावं?
शेवटी आल्याचा एक तुकडा मागितला.

परवा संध्याकाळी दारावर थाप.
मारिसेल, हातात भाताच्या पेजेचं वाफाळतं पातेलं,
वर बशी झाकलेली.
माझं गुडघ्याचं दुखणं तिला कुणी सांगितलं कोण जाणे.
पातेलं पुढे केलं, मग जरा थांबून
तिच्या तुटक्या फ्रेंचमध्ये म्हणाली,
"थोडं मीठ मिळेल? माझं संपलंय."

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं.
चांगली खोटं बोलत होती.