खरवड

मीटिंग साडेचारची होती. पाचला सुरू झाली.
गुंडाळलेल्या चटया पुन्हा अंथरल्या.
पंखा बंद, कारण मीटरच कापून नेलंय
आखाडात.
तो विषय क्रमांक एक.

मी सभासद नाही.
मी खिचडी शिजवते, आणि अशा दिवशी चहा.
दारात उभी राहिले की सगळं ऐकू येतं.

निकुंभ मॅडमनी अनुदान वाचून दाखवलं:
दहा हजार मंजूर, आले पाच.
त्यात खडू, फिनेल, लाईटबिल, झेंड्याची दोरी
आणि संडासाची कडी,
जी कुणीच तोडत नाही आणि दर महिन्याला तुटते.
हुसेन तडवी म्हणाला, "पाच हजारात
माझी केळीवरची मोटर रिवाइंड होत नाही,"
आणि एकटाच हसला.

विषय दोन, तपासणी.
आता साहेब जीपमधून येणार नाहीत,
त्यांच्यासाठी नारळ आणायला नको.
शाळेनंच स्वतःला मार्क द्यायचे, मोबाइलवर,
आणि मार्कागणिक एक फोटो.
हात धुतानाचा. वाचनकोपऱ्याचा. परसबागेचा.
"बाग कुठं हाये?" गुमाबाई पावरानं विचारलं.
मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं.
तिथं माझी कढीपत्त्याची दोन रोपं आहेत,
तिसरं शेळीनं खाल्लं.
त्यांना बाग म्हणायचं ठरलं. सर्वानुमते.

मग विषय तीन. पट एकोणीस.
वीस हवेत, तीस तारखेच्या आत.
एक पोर कमी, तर एक सर कमी.
सैंदाणे सर तिथंच बसले होते,
चटईची काडी सोलत,
आपल्याबद्दल बोलणं चालू असताना
माणूस जसा बसतो तसे.

कुणी म्हणालं, पाड्यावरचं एखादं नाव लिहा ना.
"नाव लिहून भागत नाही हो आता,
आधार लागतं, चेहरा लागतो."
गुमाबाई म्हणाली, माझा नातू आहे की,
सुरतेला गेलाय, बापाबरोबर बांधकामावर,
भोंगऱ्याला येईल.
भोंगऱ्याला अजून सहा महिने.
कुणी काही बोललं नाही.

अध्यक्ष योगराजभाऊ तेवढे बोलले.
जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे गावाची अब्रू,
आपण सगळे इथंच शिकलो,
प्रत्येकानं दारोदार फिरलं पाहिजे.
त्यांची रूपल तिसरीत आहे,
ओळीत पाचवी बसते, हळूहळू जेवते,
वाटाणा बाजूला काढते.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला.
पिवळी गाडी. तालुक्याची इंग्रजी शाळा.
हर्षू उतरला, टायचं टोक दातात,
बूट न काढता सरळ माझ्याकडं—
"मावशी, खरवड शे का?"

असते. रोज असते.
पातेल्याच्या बुडाची, तांबूस, जराशी करपलेली,
मी ती झाकून ठेवते.
रूपलचा धाकटा भाऊ आहे, काय करणार.
ताटं मी एकोणीस मांडते
आणि वीस धुते.

मला कुणी विचारलं नव्हतं.
पण हातात किटली होती आणि सगळे माझ्याकडंच बघत होते,
म्हणून म्हणाले,
"मॅडम, माझ्या हिशोबात तर वीसच आहेत."

गुमाबाईनं पदर तोंडाला लावला.
हुसेन आता हसला नाही.
योगराजभाऊंनी वर पंख्याकडं पाहिलं,
बराच वेळ, बंद पंख्याकडं.
उंबऱ्यावर बसून पोरगं पातेलं खरडत होतं,
तो आवाज साऱ्या वर्गात.
मग रूपल आली कुठूनशी,
त्याच्या हातातला चमचा ओढून घेतला.

सह्या झाल्या. भाऊंनीही केली.
तीन नंबरसमोरची जागा मॅडमनी कोरी सोडली,
पेन मात्र मिटलं नाही.

"विषय चार घ्यायचा का?"
चार म्हणजे माझं मानधन, जूनपासूनचं.
अंधार पडत आला होता, लाईट नव्हती.
पुढच्या मीटिंगला ठेवला.