पाचवी ओळ

रात्री सव्वाअकराला, सिडकोतल्या खोलीत बसून
मी अंबडच्या कारखान्यातल्या स्विचला
कोणाला आत घ्यायचं ते सांगत होते.

दहा: हिशेब आणि स्टोअर्स, सर्व्हरपर्यंत जाऊ दे.
वीस: सीएनसी यंत्रांनी आपापसातच बोलावं.
तीस: कॅमेऱ्यांनी बाहेर डोकावू नये.
चाळीस: पाहुण्यांच्या वायफायला प्रिंटर दिसू नये,
गेल्या महिन्यात कुणीतरी त्यावर लग्नपत्रिका छापल्या,
दोनशे, रंगीत.

स्विच वरून खाली वाचतो.
पहिली जुळलेली ओळ धरतो, पुढचं बघतही नाही.
आमची आत्या स्थळांचे कागद असेच वाचायची,
उंची पटली नाही
की पगाराच्या ओळीपर्यंत पोचायचीच नाही.
आणि यादीच्या तळाशी एक ओळ असते,
कुणी न लिहिलेली, पडद्यावर न दिसणारी:
वर ज्यांचं काही आलं नाही, त्या सगळ्यांना नाही.

पन्नासावी तिकिटातून आली होती.
शेवटचा आकडा सत्तेचाळीस, बंद करणे.
सत्तेचाळीस म्हणजे कुसुम अहिरराव, स्टोअर्स,
एकवीस वर्षं.
कारणाच्या रकान्यात आडवी रेघ.

पन्नासावर ठेवली असती तर ती ओळ कधी लागूच झाली नसती,
दहाव्या ओळीनं बाईंना आधीच आत घेतलं असतं.
मला हे माहीत होतं.
मी ती उचलून पाचवर नेली.

एंटर.

कर्सर थांबला.
पिंग केलं, उत्तर नाही.
पुन्हा केलं.
मग कळलं, माझा स्वतःचा पत्ता
मी कुठल्याच ओळीत लिहिला नव्हता.

रात्रपाळी चालू, स्विचची वीज काढता येत नव्हती.
स्वेटरवर जॅकेट, पिशवीत कन्सोल केबल, स्कूटी.
पाथर्डी फाट्याला बोटं हँडलवरून सुटेनात इतकी थंडी.

फाटकावर तुळशीराम बेंडकुळे, कानाला मफलर.
नाव?
मृणाल खैरनार.
त्यांनी बोट वरून खाली नेलं.
यादीत नाही.
अहो, यादी मीच करते.
ती आतली असेल मॅडम. ही फाटकाची.

साहेबांचा फोन लागेपर्यंत वीस मिनिटं
त्यांच्या स्टुलावर मी, ते उभे.
समोर एक कंटेनर आडवा लावलेला, चालक झोपलेला.
बेंडकुळे आपणहून म्हणाले,
अहिरराव बाई आल्या होत्या काल.
जवळचा चष्मा राहिला होता ड्रॉवरमध्ये.
सोडलं नाही मी.
मी काही बोलले नाही.
मग म्हणाले, मीच आत जाऊन आणून दिला.
दोन ड्रॉवर उघडावे लागले.

रॅकच्या खोलीत पंख्यांचा आवाज आणि एसीचा गारठा.
निळी चपटी केबल लावली.
समोरून लावली की स्विच पत्ता विचारत नाही,
पासवर्ड विचारतो फक्त.
तिसऱ्या क्रमांकावर स्वतःला घातलं.
पाचवी तशीच राहिली. ती काढणं माझ्या हातात नव्हतं,
म्हणजे, हातात होतं.

तिच्या आधी एक शेऱ्याची ओळ टाकली.
शेरा स्विच वाचत नाही,
तो फक्त पुढे कधीतरी बघणाऱ्या माणसासाठी असतो.
देवनागरी त्याला येत नाही,
म्हणून रोमन अक्षरांत बाईंचं नाव लिहिलं,
खातं, आणि एकवीस वर्षं.
सेव्ह केलं.

निघताना बेंडकुळेंनी रजिस्टर पुढे केलं.
वेळ टाका, एक पाच. सही.
वरच्या ओळीत त्यांचं ठसठशीत बॉलपेनी अक्षर:
अहिरराव बाई. आत नाही. चष्मा दिला.