पिवळं बटण

आमच्या खासदारांच्या, पायगोंडा नरवाड्यांच्या,
बाकावर तीन बटणं आहेत.
हिरवं, लाल,
आणि एक पिवळं,
जे निपाणीत कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

वाचनालयाच्या जुन्या हजेरीवहीत
मी त्यांची मतं रंगवून ठेवतो.
चार वर्षं. पानंच्या पानं हिरवी.
पक्षादेश निघाला की हिरवं,
ताप असला तरी हिरवं.
दोनदा गैरहजर : एकदा मुलीचं लग्न,
एकदा, म्हणे, विमान.

मग तंबाखूचं विधेयक आलं.
मांडीवरच्या सुपात विड्या वळत
अक्काताई कुरणे म्हणाली,
"बघूया की, आमच्या हातांचं काय करालाय ते."

त्या रात्री पिवळं लागलं.
होय नाही. नाहीही नाही.

वखारवाले म्हणाले, बंड.
चहाच्या गाड्यावर म्हणाले, डुलकी.
चिकोडीकडं फटाके वाजले,
ते वरातीचे निघाले.

पक्षानं खुलासा मागवला.
नरवाड्यांनी इथल्या रीतीनं तो दोन भाषांत सांगितला :
कानडीत, बोट चुकलं.
मराठीत, बोट उचलेना.
पंधरा दिवसांच्या आत माफी झाली.
कुठल्या भाषेतल्याला, ते कळलं नाही.

माझ्याकडं पिवळी पेन्सिल नव्हती.
अक्काताईनं तंबाखूनं रापलेलं बोट
जिभेला लावलं
आणि त्या रकान्यात टेकवलं.
"एवढंच होतं व्हय," म्हणाली,
"का अजून हाय त्याच्यात?"

मंगळवारी पुन्हा मतदान होतं.
हिरवी पेन्सिल मी तासून ठेवली होती.
लागलीच.