घोड्याच्या जागी कुत्री

पुस्तकात घोडा आहे आणि गाडी.
पुस्तक कोपनहेगनहून येतं.
उम्मानाकमध्ये घोडा कुणी पाहिलेला नाही,
म्हणून पहिल्याच दिवशी मी घोडा पुसते
आणि कुत्री काढते, अकरा.
मला कुत्री काढता येत नाहीत.
"बाई, हे सील आहेत," मुलं म्हणतात.
असू देत. शेवटी मी सगळ्यांचे ठिपकेच करणार आहे.

मागच्या बाकावर आक्कालुक,
नखांत आमिषाचा चुरा, बाहीला हॅलिबटचा वास.
तो वही उघडत नाही, तोंड उघडतो.
कुत्री स्लेजला ओढतात
तेवढ्याच जोरानं स्लेज कुत्र्यांना मागे ओढते,
असं तुम्हीच म्हणता.
मग वजाबाकी शून्य.
मग काल रात्री माझा बाप घरी आला कसा?

बाहेर साखळ्यांना बांधलेली सगळी वस्ती एकदम हेल काढून रडते.
ती थांबेपर्यंत मला विचार करायला वेळ मिळतो.

बापाला जरा बाजूला ठेव, मी म्हणते.
एकीलाच घे. म्होरकीला. नाव काय तिचं?
"कार्टोफेल."
बरं, कार्टोफेल.
तिला सगळ्यांतून सोडव.
दोर काप, बर्फ खरवडून टाक,
डोंगर पूस, खाडी पूस, तुझ्या आईचा खिडकीतला दिवासुद्धा.
आणि जिथे जिथे कापलंस तिथे एकेक बाण ठेव.
काढून टाकलेल्यांचा फक्त जोर मागे राहतो.

मागे बाण: दोर.
खाली बाण: पृथ्वी. वर: बर्फ.
आणि पुढे?

बराच वेळ कुणी नाही.
मग पिपालुक, जी हजेरीलाही मान हलवते,
म्हणाली, "नखं."

नखं बर्फाला मागे रेटतात,
बर्फ कुत्रीला पुढे.
दोराहून हे रेटणं जास्त, की निघाली कार्टोफेल.
स्लेजचा ठिपका वेगळा, स्लेजचे बाण वेगळे,
त्यांची बेरीज इथे आणायची नाही.
इनूतेकच्या दुकानात एकाची उधारी
दुसऱ्याच्या जमेत मांडली तर काय होईल?
"मारामारी," वर्ग म्हणाला, एका सुरात.

तरीही दरवर्षी सगळे एकाच जागी घसरतात.
टेबलावर किटली. वजन खाली, टेबलाचा रेटा वर,
सारखे बाण, समोरासमोर,
आणि पेपरात सगळे लिहितात: ही जोडी.
जोडी नव्हे रे. एकाच घरात राहतात, इतकंच.
किटलीच्या वजनाचा जोडीदार पार खाली,
पृथ्वीच्या पोटात:
किटली पृथ्वीला वर ओढते,
तेवढ्याच जोरानं.
एवढीशी किटली?
एवढीशीच. पृथ्वी जड, म्हणून तिच्या लक्षात येत नाही.
(इथे मला दरवेळी एक माणूस आठवतो.
त्याला मी फळ्यावर काढत नाही.)

मार्चमध्ये आक्कालुक आठवडाभर आला नाही.
आला तेव्हा चौकोनी कागद घेऊन आला, न सांगता काढलेला.
मधोमध ठिपका. शेजारी लिहिलेलं: आताता,
म्हणजे बाबा.
खाली बाण, जाड, दोनदा गिरवलेला.
पुढे बाण, लांब, कागदाच्या कडेपर्यंत: कार्टोफेल आणि बाकीची.
बर्फाचा बाण नव्हता.
तो त्यानं बरोबर गाळला होता.

"बर्फानं नियम मोडला," तो म्हणाला.
नाही. तुझ्या बापाचे पाय त्याला जेवढं दाबत होते
तेवढंच तो वर दाबत होता, तुटेपर्यंत.
तुटतानासुद्धा तेवढंच.
फक्त ते पुरेसं नव्हतं.

बाप घरी आहे, दोन बोटं काळी पडलीत,
बायकोनं केलेल्या सूपला नावं ठेवतो.

मी लाल पेन काढलं. सवय.
एक बाण राहिलाय, म्हटलं. पाणी.
"पाणी काय करणार? ओढणारच ना खाली?"
वर ढकलत होतं.
जेवढं त्यानं बाजूला सारलं, त्याच्या वजनाइतकं.
सगळा वेळ.

तो कागदाकडे बघत बसला.
घंटा झाली, मुलं गेली, पिपालुकही गेली.
मग त्यानं पेन्सिलीला नवं टोक केलं,
फुंकर मारली,
आणि बापाच्या खालून एक बाण
सावकाश वर नेला.