लाकडातली भोकं

सकाळचे सहा. ओलोमोउत्सच्या बाहेर
बर्फ अजून निळाच आहे.
प्राण्यांच्या स्वयंपाकघरात मी, एक तराजू,
आणि भिंतीवर डॉक्टर ओताकारांच्या अक्षरातला कागद:
मिंदा, वय एकेचाळीस, साखर वाढलेली.
केळं बंद. द्राक्षं बंद. पाव तर बंदच.

केळं बंद म्हणजे काय,
हे चिंपांझीला कुठल्या भाषेत सांगायचं?
सर्कशीत ती सायकल चालवायची.
दर फेरीला साखरेचा एक खडा,
रात्री पत्र्याच्या कपात गोड चहा.
लोक टाळ्या वाजवायचे, तिचे दात किडायचे.

पहिल्या आठवड्यात तिनं
नवलकोल माझ्या अंगावर भिरकावला.
नेम चांगला आहे तिचा.
चिकोरीची पानं तिनं अंथरली, त्यावर बसली
आणि माझ्या खिशाकडे बघत राहिली,
बंद दुकानाच्या पाटीकडे बघावं तशी.

घरी येऊन मी चहात साखर घातली नाही.
दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी घातली.

प्रोकोप आमचा सुतार. शब्द मोजून देतो, खिळ्यांसारखे.
म्हणाला, ताटलीत का वाढतेस तिला?
पाच मिनिटांत चाटूनपुसून साफ,
मग उरलेला दिवस काय चघळायचा तिनं?
रानात असती तर अर्धा दिवस शोधण्यातच गेला असता.

(प्रोकोपनं तिचं रान कधी पाहिलेलं नाही.
पण बायको गेल्यापासून दर शरदात
तो अळंबी शोधायला जातो,
बहुतेकदा रिकामी टोपली घेऊन येतो
आणि जाताना होता त्याहून बरा दिसतो.)

त्यानं बीचचा ओंडका आणला, एकोणीस भोकं पाडली,
काही सरळ, काही वाकडी,
दोन तर इतकी खोल की माझं बोट पुरेना.
आम्ही त्यात उकडलेली मसूर कोंबली, बडीशेपेचे देठ,
कडेला मोहरीचा लेप,
आणि एकाच भोकात, रोज वेगळ्या, अर्धा अक्रोड.
वजन तेच. कागदही तोच.
फक्त घास लांब गेला.

मिंदानं ओंडका हुंगला.
लोटून दिला. पुन्हा ओढला.
मग विलोची काडी मोडली, साल सोलली,
टोक दातांनी चावून चावून
त्याचा कुंचला केला.
हे सर्कशीत कुणी शिकवलं नव्हतं.
दोन वर्षांची असताना आईपासून तोडली तिला;
तेवढ्यात आईनं काय काय दाखवलं असेल,
एवढी वर्षं ते कुठे ठेवलं होतं हिनं?

दुपार झाली तरी ती खातच होती.

लघवीची पट्टी रोज रंग सांगते.
कधी बरी, कधी गडद.
शाळेच्या सहलीतल्या कुणा पोरानं
जाळीतून जेलीची अस्वलं टाकली,
तो पूर्ण आठवडा वाया गेला.
डॉक्टर ओताकार चष्मा पुसत राहिले.
मी दारावर नवी पाटी लावली, मोठ्या अक्षरांत.
पाट्या कोण वाचतं.

आज संध्याकाळी ओंडका परत घ्यायला गेले
तर तिनंच तो जाळीशी ढकलला.
उचलावा म्हणून वाकले
आणि आत काहीतरी खुळखुळलं.
एका भोकाच्या तोंडाशी गवताचा बोळा,
नीट ठासलेला.
बोळा मी ठेवला नव्हता. प्रोकोपनंही नाही.

ती गुडघ्यांवर हात टाकून बसली,
मला वेळ आहे, अशी.

मी बोळा काढला. भोक रिकामं.
मग दुसरं पाहिलं, मग खालचं.
बाहेर सहाची बस निघून गेली.
तिनं जाळीतून आपली काडी पुढे केली,
ओली, टोकाशी चावलेली.

मी सातव्या भोकात शोधते आहे.
चुकते आहे बहुतेक,
कारण ती नाकातून हळूच फुंकर सोडते
आणि ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघते.