ओल्याची तूट

बुरोंडीच्या पुळणीवर पाकीट लागलं
तेव्हा निनाद दोरकुलकर खेकडे शोधत होता.
मेणकापड, वर परक्या लिपीतला शिक्का.
घरी नेलं, तांदळाच्या डब्यामागे ठेवलं,
दोन दिवस कुणाशी बोलला नाही.
एवढंच.

तिसऱ्या दिवशी जीप आली.
साहेबांचा काटा बिघडलेला, म्हणून माझा मागितला,
सुरमई तोलते तो.
पुसून दिला. तरी कडेला दोन खवले राहिलेच.

एक किलो चाळीस ग्रॅम.

हवालदार म्हणाला, किलोच्या आत असतं
तर गोष्ट वेगळी. वर गेलं की धंदा.
पोराच्या मनात काय होतं
ते पोराला कुणी विचारलं नाही,
काट्यालाच विचारलं.
त्याच्या पोटऱ्यांना अजून रेती होती.

मी पंच. सही केली,
भारती रघुवीर पावसे, वळणदार.

ओला जवळा कुणी आणला
तर किलोमागे शंभर ग्रॅम पाणी धरते मी.
आईही धरायची.
त्या पाकिटाच्या कोपऱ्यातून
माझ्या काट्यावर थेंब थेंब खारं पाणी उतरत होतं.
मी ते पदराने पुसलं,
वजन झाल्यावर.

खेडच्या कोर्टात वकिलांनी विचारलं, काटा बरोबर होता?
होता, म्हणाले.
पाण्याचं कुणी काढलं नाही.
मीही नाही.

आज निनादची आई आली. अर्धा किलो बांगडे.
तोलून झाल्यावर एक वर टाकला.
तिने तो शेपटीला धरून उचलला
आणि माझ्या पाटीत परत ठेवला.